नानला तोंड लावून जा

शेगडीत अजून एक ओंडका सारा आणि दार नीट लोटून घ्या. आज वाऱ्याला काही लाजलज्जा नाही. आणि हे बघा, मध्येच कॉल आला तर ज्याची पाळी असेल त्यानं गपगुमान उठून अँब्युलन्स काढायची. गोष्ट कुठं पळून जात नाही, माणूस जातो.

अक्तान, तू हसू नकोस. तुझ्यामुळेच सांगावी लागतेय. मघाशी ड्युटी संपवून निघालास, नर्स बुरुलचा एजे, आपली सगळ्यांची थोरली बहीण, तिनं दारात नान पुढे केला आणि तू म्हणालास, "एजे, पोट भरलंय." मी तुला गचांडी धरून परत आणलं, तर तुला वाटलं, हा साबिर बाइके, थोरल्या भावासारखा माणूस, सटकला. वाटू दे. ऐक आणि मग ठरव.

पाहुणा नानला तोंड लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, ही आपल्या वाडवडिलांची रीत. "ओझ तिय," म्हणायचं, म्हणजे तोंड लाव, घास घे आणि जा. तीच रीत आपल्या ताशकेचू गावच्या इमर्जन्सीत आली, फक्त बुरुलचा एजेनं तिला स्वतःची कलमं जोडली. हातानं तोडायचा नाही. "तुमच्या हातांना काय काय लागलेलं असतं ते तुमच्या आयांना माहीत नाही, मला माहितीये. हात मागे!" असं म्हणून ती फडक्यात नान धरते आणि भले भले डॉक्टर वासरासारखी मान पुढे करून चावा घेतात.

त्याच्या आधी जाणारा म्हणतो, "दिली." येणारा म्हणतो, "घेतली." ड्युटी दिली, ड्युटी घेतली. सह्या मागाहून होतात. ही सवय जिभेला इतकी बसते की झोपेत एकानं "दिली" म्हटलं तर दुसरा झोपेतच "घेतली" म्हणतो. हसा. मीही हसायचो.

ही गोष्ट डॉक्टर सायकालची. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. थोडी तिनंच मला सांगितली, थोडी बुरुलचा एजेनं. माझ्या पदरचं यात काही नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी, फेब्रुवारीची बावीस तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी तेवीस, म्हणजे सैनिकांच्या नावानं पाळतात तो आपल्या पुरुषांचा सण. आपले वीर कसे आहेत, तुम्हाला माहीतच आहे. एकही लढाई न लढता आदल्या रात्रीच जखमी व्हायला लागतात. तर त्या संध्याकाळी, गर्दी सुरू व्हायच्या आत, सायकाल नान आणायला बाहेर पडली. ड्युटीच्या खोलीतला नान संपला होता आणि आणायची पाळी तिची होती.

चौकातल्या तंदूरवर खालिदा बसते, तिची आई बसायची त्याच जागी. तिनं सायकालकडे पाहिलं आणि नान काढायचा हात तसाच थांबला.

"काय गं हे? तोंड आहे की धुतलेलं फडकं?"

"ड्युटी लांबलीय."

"केव्हापासून आहेस?"

"मंगळवारी सकाळी आले."

"आणि आज काय वार?"

सायकालला चटकन सांगता येईना. ती विचार करत उभी राहिली. खालिदा एरवी मेल्या माणसालाही टोमणा मारल्याशिवाय सोडत नाही, पण त्या दिवशी ती हसली नाही. दोन गरम नान कागदात गुंडाळून दिले आणि एवढंच म्हणाली, "कोटाच्या आत धर, ऊब घे जरा. बर्फ जोरात येतंय, घाट बंद झालाय म्हणे."

घाट बंद झालाय, हे सायकालला दुपारीच कळलं होतं. तिला सोडवायला येणारा डॉक्टर जमीर घाटाच्या पलीकडे अडकला होता. आपल्याकडे इमर्जन्सीला चार डॉक्टर असायचे. एक रशियात गेला, तिथं पगार तिप्पट. दुसरा नोव्हेंबरात वारला, त्याचं पुढं सांगतो. उरले जमीर आणि सायकाल. दोघंच आलटून पालटून अख्खा जिल्हा ओढत होते.

परतताना फोन वाजला. सायकालचा पाच वर्षांचा मुलगा, नूरेल. नवरा येकातेरिनबुर्गला टॅक्सी चालवायचा आणि पोर आजीपाशी वाढत होतं.

"डॉक्टर-एजे, तुम्ही केव्हा येणार?"

मागून आजी ओरडली, "अरे गाढवा, एजे काय म्हणतोस! आई म्हण, आई!" आणि हसली. सगळ्या गावाची पोरं सायकालला डॉक्टर-एजे म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. हे पोरही तेच म्हणायला लागलं होतं, कारण गावातली पोरं तिला जेवढी बघायची, तेवढंच हेही बघायचं.

"उद्या येते," ती म्हणाली.

"काल पण उद्या म्हणालात."

मला तिनं पुढं जे सांगितलं ते नीट ऐका. ती म्हणाली, "साबिर बाइके, माझं पोर मला अहो-जाहो करत होतं आणि मला काही वाटलं नाही. वाईट नाही, राग नाही, काहीच नाही. आत कुणी नव्हतंच. मी फोन ठेवला आणि त्या न वाटण्याचीच मला भीती वाटली." याला थकवा म्हणू नका, पोरांनो. थकवा झोपलं की जातो. हे झोपेनं जात नाही. तिला जगाकडून एकच हवं होतं. कुणीतरी यावं, "घेतली" म्हणावं, आणि तिनं घरी जाऊन त्या पोराला पोटाशी घेऊन झोपावं. आत जे मेलं होतं ते त्याच्या उबेनं पुन्हा जागं होईल, अशी तिला आशा होती. एवढीच आशा उरली होती.

आता तो नोव्हेंबरात वारलेला. डॉक्टर तोलोगोन. उंच, वाकून दारातून यायचा. सायकालला त्यानंच तयार केलं. एका पेशंटच्या दारुड्या भावानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला होता, त्यात पुढचा दात अर्धा तुटला. तो बसवून घ्यायला त्याला कधी सवड झाली नाही. कळ मारली की तुटक्या दाताशी लवंग धरायचा. तो खोलीत यायच्या आधी लवंगेचा वास यायचा.

त्या दिवशी दोन दिवसांची सलग ड्युटी संपवून तो निघाला. "दिली" म्हणाला, सायकालनं "घेतली" म्हटलं. बुरुलचा एजेनं नान पुढे केला. तेवढ्यात घरून फोन आला. तो एजेला म्हणाला, "उद्या दोन घास घेईन, आजचा उधार," आणि पळाला. नदीच्या पुलापाशी गाडी चालवता चालवता झोप लागली. मीच अँब्युलन्स घेऊन गेलो होतो. मीच त्याला परत आणला, त्याच दारातून. सायकालनंच त्याची नाडी पाहिली आणि तिनंच मरणाची वेळ सांगितली. त्यानंतर बुरुलचा एजे नान घेऊन दारात आडवी उभी राहायला लागली. म्हणते, "जो तोंड लावून गेला नाही, तो गेलाच नाही."

तर तो गुरुवार. सायकाल परत आली, एक नान ड्युटीच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर फडक्यात ठेवला. मुख्य डॉक्टरांचा फोन आला. "सण आहे, पोरी. एवढी रात्र काढ. तू आमची वाघीण आहेस!" वाघीण म्हणायला काय जातं? मागं भांड्यांचा आवाज येत होता, साहेबांकडं मटणाचं बेशबरमाक वाढायला घेतलं होतं. सायकाल म्हणाली, "बाइके, माझे हात थरथरतायत." तो म्हणाला, "चहा घे, गोड."

आणि मग ओघ लागला. पोटात सुरी खुपसलेला एक. त्याला भोसकणारा दुसरा, हात कापून घेतलेला, आणि दोघं एकमेकांना मिठ्या मारून रडतायत. भिंतीला टेकून ओकणारे वेगळेच. एका पोराच्या कपाळाला टाके घालताना त्याचा चुलता मोबाईल धरून सायकालच्या तोंडासमोर नाचत होता. "बघा, बघा! डॉक्टरीणबाई डुलक्या काढतायत! आमच्या करांवर जगतात आणि झोपतात!" बुरुलचा एजे त्याला म्हणाली, "तुझ्या करात माझ्या बुटाची नाडी येत नाही, सरक बाजूला." तो सरकला. पण खोटं कुठं होतं? सायकालचे डोळे मिटले होते. टाका तिनं मिटल्या डोळ्यांनी घातला होता. सरळ पडला, देवाची कृपा.

बारा वाजून गेल्यावर गर्दी जरा ओसरली. कोपऱ्यातल्या पडद्यामागं एक म्हातारा मेंढपाळ होता, छातीत दुखतं म्हणून आणलेला. सायकाल त्याच्यापाशी गेली.

"आजोबा, उशीर झाला. आता बघते."

"परत कशाला? बघून गेला की तो."

"कोण?"

"तुमचा दुसरा डॉक्टर. उंच. हात मात्र बर्फासारखे, पोरी. त्याला म्हणावं हातमोजे घाल."

सायकालनं पडदा बाजूला करून मागं पाहिलं. कुणी नव्हतं.

"काय म्हणाला तो?"

"मी म्हटलं, डॉक्टर, मला कधी सोडणार? तर म्हणाला, आजोबा, मी पण अडकलोय. मलाही सोडवायला कुणी येत नाही." म्हाताऱ्यानं नाकानं वास घेतला. "तुमच्याकडं लवंग कुठं ठेवतात? दाढ दुखतेय, तेवढी एक दे."

म्हाताऱ्याला ताप होता. तापात माणूस काहीही बोलतो. तिनं स्वतःला हेच सांगितलं. पण वास तिलाही येत होता.

मग एका तान्ह्या पोरीला आणलं. श्वास घेताना कोंबडं आरवल्यासारखा आवाज. आई रडत होती. सायकाल मला पुढं म्हणाली, "बाइके, ते रडणं मला शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखं ऐकू येत होतं." तिनं कपाट उघडलं. औषधाची अँप्युल फोडली. सिरिंज भरली. पोरीचा हात धरला.

बुरुलचा एजेनं तिचं मनगट पकडलं. जोरात.

"डॉक्टर. वाचा."

सायकालनं अँप्युलवरचं नाव वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं दिसत होती. जुळत नव्हती. पुन्हा वाचलं. मग जुळली. भलतंच औषध होतं. ते गेलं असतं तर पोर हातातल्या हातात गेलं असतं.

एजेनं सिरिंज काढून घेतली, दुसरी भरली, सायकालला दाखवली आणि टोचली. पोरीचा श्वास हळूहळू मोकळा झाला. आईनं सायकालचा हात धरून डोळ्यांना लावला. "तुमचे उपकार, डॉक्टर-एजे." ज्या हातानं तिच्या लेकीला मारलं असतं, तोच हात. सायकालनं तो सोडवून घेतला.

"जा," एजे म्हणाली. "खोलीत बस घटकाभर. काही आलं तर हाक मारते."

"एजे, मला घरी जाऊ दे."

"कुणाच्या हवाली करून जाणार?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर सांगा, मी मुख्य डॉक्टरांना कळवतो.

ती खोलीत गेली. तुम्हाला माहीत आहे ती खोली. मध्ये टेबल, दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची, जाणाऱ्याची आणि येणाऱ्याची. सायकाल जाणाऱ्याच्या खुर्चीत बसली. समोरची रिकामी. कट्ट्यावर नान, फडक्यात.

तीनच्या सुमारास लाईट गेली.

अंधार झाला की बर्फाचाही आवाज येतो, हे तिला तेव्हा कळलं. बाहेर एजेनं कुणाला तरी बॅटरी आणायला सांगितलं. मग तेही थांबलं. सगळंच थांबलं. पडद्यामागचं कण्हणं... सलाईनच्या स्टँडचं कुरकुरणं... काही नाही.

बाहेरचं दार उघडलं.

कुणीतरी बूट आपटून बर्फ झाडलं. दोनदा. पावलं आली. खोलीचं दार उघडलं. येणारा दारात जरा वाकला असावा, असं तिला वाटलं. मग समोरची खुर्ची सरकली. कुणीतरी बसलं.

सायकालच्या डोळ्यांत पाणी आलं. "जमीर," ती म्हणाली. "आलास रे. घाट कसा ओलांडलास?"

उत्तर नाही.

दमला असेल, तिला वाटलं. चालत आला असेल. त्याच्या अंगावरून गार हवा येत होती, उघड्या दारातून यावी तशी. पण दार बंद होतं.

"मी काही सांगत नाही आता. सगळं एजेला माहितीये. दिली."

शांतता.

"जमीर. दिली म्हटलं."

शांतता.

"म्हण ना. एक शब्द आहे. मी आज... मी आज एका लेकराला मारलं असतं, जमीर. मला माझ्या पोराचा चेहरा आठवत नाही. तुझ्या पाया पडते. दिली. दिली... दिली..."

ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. किती वेळ, तिला माहीत नाही. समोरचा हलला नाही. श्वासाचाही आवाज नाही. ती मात्र रडता रडता झोपेच्या काठावर गेली. डोळे मिटले. बुडायला लागली.

आणि कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी बोललं. थकलेला, नम्र आवाज. माफी मागावी तसा.

"दिली."

आणि तिचं तोंड म्हणालं, "घेतली."

तिनं नाही म्हटलं. जिभेनं म्हटलं. वर्षानुवर्षांची सवय. कुणी "दिली" म्हटलं की...

लवंगेचा वास.

ती जागी झाली. पूर्ण. मान वर करवेना. समोरची खुर्ची सरकली. पावलं कट्ट्याकडे गेली. फडकं उलगडलं. कडक पापुद्रा मोडल्याचा आवाज... चावण्याचा... गिळल्याचा... मग एक श्वास. लांब. खांद्यावरचं पोतं खाली टाकल्यावर माणूस सोडतो तसा.

पावलं दाराकडे. दार.

मग लाईट आली.

समोरची खुर्ची मागं सरकलेली होती. तिच्या पायाशी बर्फ नव्हतं, पाणी नव्हतं. तिनं फोन लावला. जमीर घाटाच्या पलीकडे एका खाणावळीत बाकावर झोपला होता. "रस्ता उघडला की पहिला मी निघतो, सायकाल एजे. काय झालं? रडतेयस का?"

कट्ट्यावर फडकं उघडं होतं. नानच्या कडेला चावा होता. ताजा. दातांचे ठसे स्पष्ट. वरचे पुढचे दोन दात... त्यांतला एक अर्धाच.

बुरुलचा एजेनं तो नान पाहिला, तेव्हा ती खाली बसली आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले, दुआ मागताना फिरवतात तसे. म्हणाली, "गेला बिचारा. सुटला." आपण काय म्हटलं, हे सायकालनं एजेला तेव्हा सांगितलं नाही. मला पुढं सांगितलं.

दुपारी जमीर पोचला, ओठ फाटलेले, पापण्यांवर बर्फ. खुर्चीत बसला. सायकाल म्हणाली, "दिली." तो म्हणाला, "घेतली." एजेनं दुसरा, अख्खा नान काढला, फडक्यात धरला. सायकालनं मान पुढे केली, चावा घेतला, चावला, गिळला. एजेनं नानकडे पाहिलं. मग झटकन फडक्यात गुंडाळला आणि छातीशी धरला. जमीर म्हणाला, "काय झालं, एजे?" तर म्हणाली, "काही नाही. गरम आहे." आदल्या संध्याकाळचा नान, दुपारी गरम? मी तिथंच होतो, सायकालला घरी सोडायला थांबलो होतो.

सायकाल घरी गेली, पोराला पोटाशी घेऊन झोपली. महिनाभरात राजीनामा दिला. मुख्य डॉक्टर म्हणाले, वाघीण पळाली. पळाली तर पळाली, म्हटलं, जीव तरी वाचला. सासू आणि पोराला घेऊन बिश्केकला गेली. तिथं बाजारात पडदे विकते. रोज रात्री आपल्या बिछान्यात झोपते.

आता अक्तान, तू सांग. परवा ती दम्याची बाई घरी जाताना तुला काय विचारत होती? "रात्री माझा हात धरून बसली होती ती वेणीवाली डॉक्टर कुठं गेली?" आणि तू काय म्हणालास? "आमच्याकडं बाई डॉक्टरच नाही." तेच सगळ्यांना सांगतोस, कारण ते खरं आहे. पण अशी ती एकटीच नाही विचारत. दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. वेणीवाली. हात बर्फासारखे. वेणी ह्या इमर्जन्सीत एकीचीच होती.

गेल्या शरदात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा मी बिश्केकला तिच्याकडं उतरलो. स्वयंपाकघरात बसून तिनं ही सगळी हकीकत सांगितली, चहा ओतत, आवाज न चढवता. बरी दिसत होती. गालांवर रंग होता. मी म्हटलं, "पोरी, आता झोप लागते ना?" म्हणाली, "लागते, बाइके. पडले की लागते. पण सकाळी उठते तेव्हा पाय दुखतात. रात्रभर उभी असल्यासारखे."

रात्री मी बाहेरच्या खोलीत आडवा झालो. म्हातारपणी झोप कमी. मधेच नूरेल उठलेला दिसला. आता सात वर्षांचा आहे. आईच्या बिछान्यापाशी जाऊन उभा राहिला. दार उघडं होतं, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येत होता. सायकाल उताणी पडली होती. डोळे उघडे. पापणी हलत नव्हती. पोर घाबरलेलं नव्हतं. रोजचंच असावं. ते वाकलं आणि तिच्या तोंडाशी तोंड नेऊन हळूच म्हणालं,

"डॉक्टर-एजे... माझी आई केव्हा येणार?"

ते थोडा वेळ थांबलं. मग परत आपल्या जागी जाऊन झोपलं.

मी सकाळपर्यंत डोळा मिटला नाही.

सकाळी मी निघालो. तीही बाजाराला निघाली होती. तिनं नान आणला, सवयीनं फडक्यातच धरला. "तोंड लावा, साबिर बाइके." मी हात मागं घेतले, चावा घेतला. म्हटलं, "तूही लाव. तूही बाहेर पडतेयस." ती हसली. मान पुढे केली. पापुद्रा मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिनं चावलं, गिळलं, वरून चहाचा घोट घेतला, पोराच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि जिना उतरून गेली.

नान टेबलावर होता. नूरेल त्याच्याकडं बघत होता. मग मीही बघितलं.

नानवर एकच चावा होता. माझा.